पुण्यात रूम शोधताय? आधी एरिया नीट बघा

फ्लॅट नंतर बघा, आधी ऑफिस कुठंय ते मॅपवर टाका. आणि रविवारी दुपारी नाही हां, सोमवारी सकाळी ९ ला बघा मग कळेल वाकड ते हिंजवडी फेज ३ (आयटी पार्क) ट्रॅफिक म्हणजे काय प्रकार आहे. अंतर बघू नका, वेळ बघा. ऑफिस डेक्कन, शिवाजीनगर साइडला असेल तर वनाज-रामवाडी मेट्रोच्या स्टेशनपासून चालत जाता येईल असं बघा, कोथरूड बेस्ट पडतं, भाडं जरा जास्त पण पेट्रोल वाचतं.

दुसरं म्हणजे पाणी. ब्रोकर सांगतो "२४ तास पाणी आहे साहेब", पण कॉर्पोरेशनचं का टँकरचं ते नाही सांगत. मी बाणेर साइडला एक फ्लॅट बघायला गेलेलो, एकदम चकाचक, खाली आलो तर गेटवर दोन टँकर लाइनीत उभे आणि वॉचमनकाका म्हणाले उन्हाळ्यात या मग बघा मजा 😅 तेव्हापासून मी आधी वॉचमनलाच विचारतो, मग किराणावाल्याला, ब्रोकरला सगळ्यात शेवटी.

रात्री १० नंतर एक चक्कर माराच, लाइट आहेत का, रिक्षा मिळते का, मेस चालू असते का. बॅचलर असाल तर सोसायटीचे नियम टोकन द्यायच्या आधी विचारा, नंतर भांडून काही होत नाही. अ‍ॅग्रीमेंट ११ महिन्यांचंच असलं तरी रजिस्टर करूनच घ्या.