गावात एसटी सुरू करून घ्यायचीय? आधी हे करा

सोलापूर जिल्ह्यातल्या छोट्या गावात एसटी येत नसेल तर नुसतं "आम्हाला गाडी द्या" म्हणून अर्ज टाकू नका, आकडे लावा. २०११ च्या जनगणनेचं जिल्हा जनगणना पुस्तिका नावाचं पीडीएफ नेटवर फुकट मिळतं, त्यात तालुका काढून आपलं गाव शोधायचं, लोकसंख्या, घरं सगळं दिलंय आणि बस गावात येते का तेही. येत नसेल तर तिथे a, b, c असं इंग्रजी अक्षर असतं, म्हणजे सोय ५ किमीच्या आत, ५ ते १० मध्ये की १० च्या पुढं.

आता आकडे जुने आहेत हे खरंय, म्हणून ग्रामपंचायतीकडून आजची कुटुंबं आणि मतदार यादीचा आकडा जोडा.

खरं वजन पडतं ते शाळा कॉलेजच्या पोरांच्या यादीनं. कोण कुठं शिकायला जातं, मोहोळ, बार्शी की अक्कलकोट, शाळा किती वाजता भरते सुटते, हे लिहाच, कारण पासवाली पोरं म्हणजे रोजचे ठरलेले प्रवासी, आणि बारावीपर्यंतच्या मुलींना तर पासच फुकट असतो. बाजाराचा वारही टाका.

मग ग्रामसभेचा ठराव, अर्ज आगार व्यवस्थापकांना, प्रत सोलापूरच्या विभाग नियंत्रकांना, पोच घ्यायचीच. गाडी वळवायला जागा कुठंय तेही सांगा, रस्ता अरुंद असेल तर सगळं तिथंच अडतं बघा.