गालिसियात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी या चुका टाळा

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातला गालिसिया हा सुमारे सत्तावीस लाख लोकवस्तीचा स्वायत्त प्रदेश आ कोरुन्या, लुगो, ओउरेन्से आणि पोन्तेवेद्रा या चार प्रांतांचा मिळून झाला आहे. राजधानी सांतियागो दे कोम्पोस्तेला येथील विद्यापीठाची परंपरा १४९५ पासूनची आहे, तर आ कोरुन्या आणि व्हिगो येथील विद्यापीठे १९८९-९० च्या सुमारास स्वतंत्र झाली. विनिमय कार्यक्रमातून या तिन्ही ठिकाणी येणारा विद्यार्थी बहुधा वर्ष-दोन वर्षे स्पॅनिश शिकून आलेला असतो आणि पहिल्याच दिवशी विद्याशाखेच्या दारावरची सूचना निम्मी समजते, निम्मी समजत नाही, असा अनुभव त्याला येतो. ती सूचना गालेगोत, म्हणजे गालिशियन भाषेत असते. यावर काही जण घाबरून जातात, तर काही जण 'स्पॅनिशवर भागते' असे म्हणून तिच्याकडे पाठ फिरवतात. गालेगो न येणे ही चूक मुळीच नाही. कोणते काम कोणत्या भाषेत चालते याचा अदमास न घेणे ही मात्र चूक आहे, आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिच्यातूनच निघतात.

विषय निवडताना भाषेची ओळ न वाचणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. कोणता तास कोणत्या भाषेत होईल हे येथील विद्यापीठांत बहुतांशी शिकवणारे प्राध्यापक ठरवतात, कारण १९८३ च्या भाषाविषयक कायद्याने विद्यापीठ पातळीवर शिक्षक आणि विद्यार्थी या दोघांनाही आपल्या पसंतीची अधिकृत भाषा तोंडी आणि लेखी वापरण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे प्राध्यापक गालेगोत शिकवत आहेत, पहिल्या बाकावरची मुलगी स्पॅनिशमध्ये प्रश्न विचारते आहे, उत्तर पुन्हा गालेगोत येते आहे, आणि वर्गातल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही, हे तेथील नेहमीचे दृश्य आहे. विषयाचे नाव इंग्रजी यादीत वाचून अर्ज भरलेल्या परदेशी विद्यार्थ्याला मात्र याची काहीच कल्पना नसते.

प्रत्येक विषयाचे 'गिआ दोथेन्ते' म्हणून एक माहितीपत्रक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते. त्यात अभ्यासक्रम, गुणांकन आणि ग्रंथांबरोबर शिकवण्याची भाषाही नोंदवलेली असते. दोन्ही भाषा लिहिल्या असतील, तर त्याचा अर्थ वर्ग अर्धा-अर्धा वाटलेला आहे असा काढू नये; प्रत्यक्षात तो पूर्णपणे एकाच भाषेत चालू शकतो. अशा वेळी निघण्यापूर्वीच प्राध्यापकांना दोन ओळींचे नम्र पत्र पाठवून विचारणे उत्तम, कारण अध्ययन-करारात, म्हणजे तेथे कोणते विषय घेणार याच्या लेखी करारात, बदल करण्याची मुभा सत्र सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांपुरतीच असते आणि ती मुदत उलटली की तीस क्रेडिटांच्या सत्रातले सहा क्रेडिट गळ्यात अडकून बसतात.

मुदत उलटून गेली असेल तर काय करावे? भर वर्गात हात वर करून 'स्पॅनिशमध्ये शिकवाल का?' असे मात्र विचारू नये. हा प्रश्न विचारणाऱ्याला साध्या सोयीचा वाटतो, परंतु ऐकणाऱ्याच्या कानी त्यामागचा गालेगो की स्पॅनिश हा सगळा जुना वाद येतो, आणि एका पाहुण्यासाठी पन्नास जणांनी भाषा बदलावी अशी अपेक्षा त्यातून व्यक्त होते. प्राध्यापकांना भेटीच्या वेळेत त्यांच्या खोलीत गाठून अडचण सांगितली, तर ते स्पॅनिशमधले संदर्भ सुचवतात. उत्तरपत्रिका आणि निबंध स्पॅनिशमध्ये लिहिण्याचा हक्क तर विद्यार्थ्याला आहेच.

शिवाय स्पॅनिश बऱ्यापैकी येत असेल, तर गालेगो वाचणे वाटते त्याहून पुष्कळ लवकर जमते. दोन्ही भाषा लॅटिनपासून निघालेल्या असल्यामुळे ध्वनींचे फरक बरेचसे नियमाने चालतात. स्पॅनिशमध्ये जेथे 'उए' येतो तेथे गालेगोत बहुधा साधा 'ओ' असतो, म्हणून दाराला 'पुएर्ता' ऐवजी 'पोर्ता'. 'इए' च्या जागी 'ए', म्हणून जमिनीला 'तिएर्रा' ऐवजी 'तेर्रा'. स्पॅनिशने गमावलेला आरंभीचा 'फ' गालेगोने राखला आहे, त्यामुळे 'आब्लार' (बोलणे) चे 'फालार' आणि 'आथेर' (करणे) चे 'फाथेर' होते. उलट दोन स्वरांमधले 'ल' आणि 'न' गालेगोने गाळले, म्हणून चंद्र 'लुना' न राहता 'लुआ' झाला. किल्लीला 'यावे' ऐवजी 'चावे' म्हणतात. अशा आठ-दहा जोड्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवल्या, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत फळ्यावरचा मजकूर डोळ्यांना सरावतो. रेआल अकादेमिआ गालेगा या भाषा-अकादमीचा शब्दकोश आंतरजालावर विनामूल्य आहे. अर्थ गालेगोतच दिलेले असल्यामुळे प्रारंभी तो जड जातो, पण यंत्र-अनुवादापेक्षा तो कितीतरी भरवशाचा आहे.

गटप्रकल्पाच्या व्हॉट्सॲप समूहावर सगळे गालेगोत लिहीत असतील, तर आपण निःसंकोच स्पॅनिशमध्ये उत्तर द्यावे आणि अडलेला एखादा शब्द तेवढा विचारावा. दोन भाषांत चाललेले संभाषण तेथे कोणालाही खटकत नाही.

गालेगोला 'बोली' म्हणणे

गालेगो ही स्पॅनिशची बोली आहे, किंवा ती अशुद्ध पोर्तुगीज आहे, अशी दोन विधाने परदेशी विद्यार्थी सहज बोलून जातात आणि दोन्ही चूक आहेत. मध्ययुगात गालेगो आणि पोर्तुगीज ही एकच भाषा होती, आणि तेराव्या शतकात तिची प्रतिष्ठा इतकी होती की कास्तीयचा राजा दहावा आल्फोन्सो यानेही येशूची माता मरियमेची स्तुतिगीते आपल्या दरबाराच्या कास्तेयानो, म्हणजे स्पॅनिश, भाषेत न रचविता याच भाषेत रचविली. पुढे कित्येक शतके तिचे लेखन जवळजवळ थांबले आणि ती घराघरांत, शेतांत व कोळीवाड्यांत तगून राहिली. १८६३ मध्ये रोसालिया दे कास्त्रो यांचा गालेगो कवितासंग्रह प्रसिद्ध झाला आणि साहित्यिक पुनरुज्जीवनाला वेग आला. अकादमी १९०६ मध्ये स्थापन झाली. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत ही भाषा शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार होती. १९७८ ची राज्यघटना, १९८१ चा स्वायत्ततेचा कायदा आणि १९८३ चा भाषाविषयक कायदा यांनंतर तिला स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत स्थान मिळाले. आजच्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या अनेकांना वर्गात गालेगो बोलल्याबद्दल ओरडा बसलेला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे 'बोली' हा शब्द त्यांना का लागतो ते वेगळे सांगावे लागत नाही.

याच्या नेमकी उलट चूकही होते, आणि ती उत्साही विद्यार्थ्यांकडून अधिक होते. व्हिगो किंवा आ कोरुन्यासारख्या शहरात वाढलेल्या, घरी स्पॅनिशच बोलणाऱ्या सहाध्यायाला 'तू गालिसियाचा असून गालेगो का बोलत नाहीस?' असे विचारणे हा आगाऊपणा झाला. तेथील मोठ्या शहरांत, विशेषतः तरुणांमध्ये, स्पॅनिशचे प्राबल्य आहे; लुगो आणि ओउरेन्से प्रांतांच्या ग्रामीण भागात आणि पश्चिम किनाऱ्यावर गालेगो अधिक ऐकू येते. कोणी कोणती भाषा निवडावी हा तेथे घरगुती आणि राजकीय दोन्ही प्रकारचा नाजूक प्रश्न आहे, आणि सहा महिन्यांच्या पाहुण्याने त्यात निवाडा देऊ नये.

कोणीतरी गालेगोत बोलेल म्हणून वाट पाहणे

मराठी वाचकाला हा प्रकार चटकन ओळखू येईल. मुंबई-पुण्यात समोरचा माणूस बाहेरचा वाटला की आपण आपसूक हिंदीत सुरू होतो, आणि त्याने मराठीत उत्तर दिले तरी पुढचे वाक्य पुन्हा हिंदीतच येते. गालिसियातही परक्या चेहऱ्याशी स्पॅनिशमध्येच बोलण्याची रीत आहे आणि तीमागे सौजन्यच असते. एकाच घरात राहणारी मैत्रीण स्वयंपाकघरात भांडी विसळत गावाकडच्या आजीशी फोनवर गालेगोत बोलत असते, आणि फोन बाजूला ठेवून तुमच्याकडे वळताच तिच्या तोंडून स्पॅनिश येते. ही भाषा तुमच्यापासून कोणी लपवत नाही, पण मागितल्याशिवाय देतही नाही. 'पोदेस फालारमे एन गालेगो', म्हणजे 'माझ्याशी गालेगोत बोललीस तरी चालेल', एवढे वाक्य पुरते. मात्र दोनतीनदा म्हणावे लागते, कारण सवय एका दिवसात मोडत नाही. विद्यापीठांच्या भाषाविभागांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी गालेगोचे प्राथमिक वर्ग असतात. नावनोंदणीची तारीख सत्राच्या प्रारंभीच असते आणि तीच बहुतेकांची हुकते.

येथे एक सावधगिरी हवी. ज्याचे स्पॅनिश अजून अगदी कच्चे आहे त्याने दोन्ही भाषा एकाच वेळी सुरू करू नयेत, कारण सारख्या दिसणाऱ्या शब्दांची सरमिसळ होऊन दोन्ही बिघडतात. आधी स्पॅनिश, मग गालेगो, हाच क्रम व्यवहारी आहे. घरात पोर्तुगीज ऐकलेल्या गोव्यातील विद्यार्थ्यांना गालेगो कानाला लवकर समजते, पण लिहिताना त्यांनी जपावे. गालेगोची लेखनपद्धती पुष्कळशी स्पॅनिशच्या वळणाने जाते आणि वारांची नावेही पोर्तुगीजसारखी क्रमांकांची नाहीत.

स्पॅनिशच्या परीक्षा देऊन आलेल्यांना आणखी एक गोष्ट खटकते. पुस्तकात 'आज मी जेवलो आहे' या अर्थी संयुक्त काळ शिकवलेला असतो, आणि येथे सगळे साधा भूतकाळ वापरतात. गालेगोत तसा संयुक्त काळच नसल्यामुळे येथील स्पॅनिशवर ती छाया पडली आहे. लोकांना दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. तसेच 'भूक लागली का?' या प्रश्नाला 'हो' न म्हणता क्रियापदच परत म्हणण्याची गालेगोची लकब आहे, आणि मराठीत आपणही 'लागली' असेच उत्तर देत असल्यामुळे ती आपल्याला शिकावी लागत नाही.

पाट्या, वार आणि भेटीच्या वेळा

गावांची अधिकृत नावे केवळ गालेगोत आहेत. स्पॅनिश वर्तमानपत्रात 'ला कोरुन्या' आणि 'ओरेन्से' वाचलेल्या विद्यार्थ्याला रस्त्यावर 'आ कोरुन्या' आणि 'ओउरेन्से' दिसते, आणि 'सानशेन्शो' नावाचे समुद्रकाठचे गाव स्पॅनिशमध्ये 'सानखेन्खो' होते. गालेगोत एक्स या अक्षराचा उच्चार बहुधा 'श' असा होतो, हे एकदा कळले की अर्धा गोंधळ मिटतो. प्रादेशिक शासनाला 'शुंता' म्हणतात ते त्यामुळेच. बसचे वेळापत्रक पाहताना 'शोबेस' म्हणजे गुरुवार आणि 'बेन्रेस' म्हणजे शुक्रवार हे पाठ असावे. दुकानावर 'पेचादो' लिहिले असेल तर ते बंद आहे.

व्हिगोत रेल्वेची दोन स्थानके आहेत, आणि पोर्तुगालमधील पोर्तो शहराकडे जाणारी गाडी गिशार स्थानकातून सुटते, उर्साइस येथून नव्हे. पोर्तोहून विमान पकडायचे असेल तर पोर्तुगालचे घड्याळ स्पेनपेक्षा एक तास मागे असते हेही ध्यानात ठेवावे. जाताना हा तास आपल्या पदरात पडतो, परतीच्या प्रवासात मात्र तो हातचा जातो.

जेवणाच्या निमंत्रणात खरा घोटाळा होतो. स्पॅनिश पुस्तकात 'अल्मुएर्थो' म्हणजे दुपारचे जेवण, तर गालेगोत 'अल्मोर्थो' म्हणजे सकाळची न्याहारी. दुपारच्या जेवणाला 'शान्तार' आणि रात्रीच्या जेवणाला 'थेआ' म्हणतात. दुपारचे जेवण दोन ते साडेतीनच्या दरम्यान आणि रात्रीचे नऊनंतर असते, त्यामुळे शब्दाबरोबर घड्याळातली वेळही विचारून घ्यावी. शाकाहारी विद्यार्थ्यांनी हिरव्या पालेभाजीच्या 'काल्दो गालेगो' या सुपाकडे पाहून फसू नये. त्यात मांसाचा तुकडा दिसला नाही, तरी चवीसाठी 'उन्तो' ही मुरवलेली डुकराची चरबी घातलेली असते, म्हणून 'लेवा उन्तो?' असे थेट विचारावे.

कागदपत्रांत नाव वेगवेगळे लिहिणे

स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात, पहिले सहसा वडिलांकडचे आणि दुसरे आईकडचे. अर्जावर त्यासाठी दोन स्वतंत्र रकाने असतात. आपले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी मराठी रचना त्या रकान्यांत बसवताना वडिलांचे नाव पहिल्या आडनावाच्या जागी जाते आणि खरे आडनाव दुसऱ्या रकान्यात ढकलले जाते. विद्यापीठात एक, बँकेत दुसरे आणि नगरपालिकेच्या रहिवासी नोंदीत तिसरे असे झाले की तीच व्यक्ती कागदोपत्री तीन माणसे होऊन बसते. पारपत्रात आडनाव म्हणून जे छापले आहे तेच पहिल्या रकान्यात लिहावे, दुसरा रकाना मोकळा ठेवावा, आणि खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने तो स्वतःहून भरला तर तेथल्या तेथे दुरुस्त करून घ्यावा.

कचेऱ्यांचीही भाषेनुसार विभागणी ढोबळमानाने लक्षात ठेवावी. नगरपालिका, प्रादेशिक शासन आणि विद्यापीठ येथील अर्ज व पत्रे बहुधा गालेगोत येतात. परदेशी नागरिकांची ओळखपत्रे देणारे राष्ट्रीय पोलीस हे केंद्रीय खाते असल्यामुळे तेथील व्यवहार स्पॅनिशमध्ये होतो. सहा महिन्यांहून अधिक मुक्काम असेल तर देशात प्रवेश केल्यापासून एका महिन्याच्या आत या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो, आणि आगाऊ वेळ मिळण्यातच त्यातले बरेच दिवस जातात. गालेगोतले पत्र समजले नाही म्हणून ते बाजूला टाकू नये. त्यावर 'प्राथो' हा शब्द असेल तर एखादी मुदत चालू आहे असे समजून त्याच दिवशी कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

परतण्यापूर्वी विद्यापीठाकडून गुणपत्रिका मिळते. ती गालेगोत किंवा स्पॅनिशमध्ये असू शकते, आणि भारतातील विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला यांपैकी कोणतीही भाषा वाचता येत नाही. इंग्रजी प्रतीची मागणी शेवटच्या परीक्षेच्या आधीच आंतरराष्ट्रीय विभागाकडे लेखी नोंदवावी, कारण ऑगस्टमध्ये तेथील कचेऱ्या जवळजवळ रिकाम्या असतात.