मुलाचं टॉन्सिलचं ऑपरेशन झालंय? घरी आल्यावरचे दोन आठवडे असे काढा

टॉन्सिल (बऱ्याचदा सोबत ॲडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागची गाठ पण) काढलं की पोरगं दुसऱ्या दिवशी कार्टून बघत आइस्क्रीम खात असतं, आणि घरच्यांना वाटतं झालं की, सुटलो. तसं नसतं. खरं दुखणं तिसऱ्या दिवसापासून वाढतं ते साधारण सातव्यापर्यंत, आणि नेमकं तेव्हाच आपण औषधं ढिली सोडलेली असतात, आलेली मावशी परत गेलेली असते आणि बाबा ऑफिसला जॉइन झालेले असतात. म्हणून सुट्टी टाकायचीच असेल तर पुढच्या आठवड्यासाठी पण थोडी राखून ठेवा.

आधी औषध. मूल रडलं की द्यायचं असं करू नका, घड्याळ लावून द्या. पॅरासिटामॉल साधारणपणे वजनाच्या किलोमागे 15 मिग्रॅ, दर 6 तासांनी, 24 तासांत 4 डोसच्या वर नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी जो आकडा लिहिलाय तोच पाळायचा. आता घोळ इथे होतो की आपल्याकडे हे सिरप वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं, 5 मिलीमध्ये 120 वालं आणि 250 वालं, म्हणजे 20 किलोच्या मुलाला 300 मिग्रॅ द्यायचं तर पहिल्यातलं साडेबारा मिली आणि दुसऱ्यातलं फक्त 6 मिली. चमचा एकच आणि बाटली बदलली की डोस दुप्पट! बाटलीवरचं वाचा, मिलीचे आकडे असलेल्या मापानेच द्या, आणि घरात पडलेलं सर्दीचं सिरप वरून देऊ नका, त्यातही बरेचदा पॅरासिटामॉल असतंच. आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारूनच, ॲस्पिरिन अजिबात नाही, आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध या ऑपरेशननंतर 18 वर्षांखालच्या मुलांना नाहीच नाही. रात्री उठवून डोस द्यायचा का हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्या, कारण रात्रभर गॅप पडला की सकाळी घसा कोरडा, दुखणं जोरात, आणि मग मूल औषधच गिळत नाही.

पाणी जेवणापेक्षा महत्त्वाचं. दोन दिवस कमी जेवलं तरी चालतं, पाणी नाही प्यायलं तर पुन्हा ॲडमिट होऊन सलाइन लागतं. ग्लास हातात देऊन "पी" म्हणून काही होत नाही, कार्टूनच्या एका एपिसोडला अर्धा कप असा सौदा करा, थोड्या थोड्या वेळाने दोन घोट. शू वर लक्ष ठेवा, 8 तासांत झालीच नाही किंवा गडद पिवळी झाली, ओठ सुकले, मूल मलूल दिसतंय, तर डॉक्टरांना फोन.

खायला औषधानंतर अर्ध्या तासाने द्या, तेव्हा गिळणं सोपं जातं. मऊ वरणभात तूप घालून, गुरगुट्या खिचडी, दूधभात, नाचणीचं सत्त्व, शिरा, केळं, सगळं कोमट किंवा गार. आजीला गार देणं पटणार नाही, "घसा धरेल" म्हणेल, तर डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकवा, आपलं कोण ऐकतंय. लिंबू सरबत, संत्र्याचा ज्यूस, टोमॅटो सूप झोंबतं, तिखट नको, चकली-चिवडा-खारी नंतर. आणि लाल रंगाचं काही नको (गुलाब सरबत, कोकम, बीट), कारण उलटी झाली तर रक्त आहे का रंग आहे ते कळत नाही आणि घरात सगळे घाबरतात.

टॉर्च मारून घसा बघणार असाल तर आधीच सांगते, पांढरट-पिवळट थर दिसेल. तो पू नाही, जखमेवरची खपली आहे. तोंडाला घाण वास येतो तोही त्याचाच. कान दुखतोय म्हणेल, कानात काही झालेलं नसतं, घशाची आणि कानाची नस एकच असल्याने दुखणं तिकडे जाणवतं. जोरजोरात गुळण्या मात्र करायला लावू नका, आणि ॲडेनॉइड काढलं असेल तर नाक जोरात शिंकरू देऊ नका.

रक्ताचं नीट वाचा. खपली साधारण 5 ते 10 व्या दिवसात सुटते, तेव्हा रक्त यायची शक्यता असते. ताजं लाल रक्त चमचाभर आलं आणि थांबलं तरी हॉस्पिटलला जायचं, "सकाळी बघू" नाही. झोपेत मूल सारखं सारखं गिळतंय किंवा कॉफीसारखी काळपट उलटी झाली तर रक्त पोटात जातंय असं समजा. बसवा, पुढे वाकवा, थुंकायला सांगा, खायला-प्यायला काही देऊ नका, आणि गाडी नसेल तर 108 लावा. याच कारणाने दोन आठवडे गावाला जाऊ नका जिथून हॉस्पिटल लांब आहे, लग्न असलं तरी. ताप पहिले एक-दोन दिवस थोडा असतो, 101 च्या वर गेला तर कळवा.

रात्री दचकून उठणं, चिकटून राहणं, चिडचिड हे काही दिवस चालतं, ओरडू नका. आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो, तो काही आठवड्यांत बसतो. शाळा, धावपळ, स्विमिंग साधारण दोन आठवड्यांनी, फॉलोअपला डॉक्टर हो म्हणाले की.