इंडोनेशियात मानसशास्त्राचं संशोधन करायला निघालात? आधी ‘सुंकान’ समजून घ्या

हायस्कूलच्या मुलांना माझ्या प्रबंधाच्या प्रश्नावलीचे 286 फॉर्म वाटले आणि 286 परत आले. एकही कोरा नाही, एकही प्रश्न सुटलेला नाही, एकाही मुलाने ‘मला भरायचा नाही’ म्हटलं नाही. जावा बेटावरच्या योग्याकार्तातल्या माझ्या कोसवर, म्हणजे भाड्याच्या खोलीत, फरशीवर गठ्ठे मांडून मी जळगावला आईला व्हिडिओ कॉल लावला आणि सांगितलं, काम फत्ते झालं. पुढच्या दहा दिवसांत तो सगळा डेटा बाजूला ठेवावा लागला. एक अख्खं सेमिस्टर गेलं. आज हे लिहितानाही पोटात खड्डा पडतो.

लायकर्ट, अल्फा (प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा), फॅक्टर अॅनालिसिस हे मी इथे सांगत बसणार नाही, तुम्ही ते शिकूनच जाणार. शिष्यवृत्तीबद्दल एकच सांगते. मी केएनबी या इंडोनेशिया सरकारच्या शिष्यवृत्तीवर गेले, त्यात आधी भाषेचा अभ्यासक्रम आणि मग मास्टर्स. भाषेच्या त्या महिन्यांना ‘खऱ्या अभ्यासाआधीचा वेळ’ समजू नका. तुमच्या प्रबंधाचा पाया तिथेच पडतो, आणि माझा तिथेच कच्चा राहिला.

आता माझी चूक. माझा विषय होता अकरावीच्या मुलांची अभ्यासात मदत मागण्याची तयारी आणि त्यांचं शिक्षकांशी नातं. तिकडे मोजपट्टी, म्हणजे अशा गोष्टी मोजणारी प्रश्नावली, बनवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. निम्मे आइतेम, म्हणजे त्यातली विधानं, सरळ, निम्मे उलटे, त्यांना ‘फेव्हरेबल’ आणि ‘अनफेव्हरेबल’ म्हणतात. पर्याय बहुधा चारच: सांगात सेसुआई (अगदी लागू), सेसुआई (लागू), तिदाक सेसुआई (लागू नाही), सांगात तिदाक सेसुआई (अजिबात लागू नाही). मधला ‘सांगता येत नाही’ मुद्दाम काढलेला असतो, कारण तो ठेवला की सगळे तिथेच जाऊन बसतात. मी हे सगळं नियमाप्रमाणे केलं. मुख्याध्यापकांची परवानगी काढली. फॉर्म वर्गशिक्षिकेकडे दिले. त्यांनी वाटले, मुलं भरत असताना बाकांमधून फेऱ्या मारल्या, एका मुलाचा सुटलेला प्रश्न बोट ठेवून दाखवला आणि सगळे गोळा करून माझ्या हातात दिले. मी त्यांचे दहा वेळा आभार मानले.

घरी येऊन पाहते तर ‘काही समजलं नाही तर मी शिक्षकांना विचारतो’ यावर सेसुआई, म्हणजे मला लागू आहे. आणि सात प्रश्नांनंतर ‘काही समजलं नाही तरी मी वर्गात गप्प राहतो’ यावरही सेसुआई. एका मुलाचं नाही, गठ्ठ्यामागून गठ्ठे तसेच. उलटे आइतेम उलटवून मोजले तर अल्फा कोसळत होता. एका सीनियरने लगेच उपाय सांगितला: अनफेव्हरेबल आइतेम ‘गळाले’ म्हणून काढून टाक, उरलेल्यांचा अल्फा झकास येईल. खरंच आला. मी दोन रात्री तो आकडा बघत बसले होते आणि तसाच प्रबंध देणारही होते.

असं करू नका. हे मी हात जोडून सांगते. उलटे आइतेम गळाले नव्हते, तेच खरं बोलत होते. सरळ आइतेमचा तो सुंदर अल्फा मुलांच्या मदत मागण्याचा नव्हता, शिक्षिकेसमोर बसून ‘हो’ म्हणण्याचा होता.

जावानीजमध्ये एक शब्द आहे, सुंकान. आपल्या भाषेत त्याला भीड म्हणता येईल, संकोच म्हणता येईल, पण दोन्ही अपुरे पडतात. मोठ्या माणसासमोर स्वतःला आखडून घेणं, त्याला अवघड वाटेल असं काही न करणं, आणि हे घाबरून नाही तर चांगलं वळण म्हणून करणं. मानववंशशास्त्रज्ञ हिल्ड्रेड गीर्ट्झ यांनी 1961 साली जावानीज कुटुंबावर लिहिताना वेदी, इसिन आणि सुंकान अशा तीन पायऱ्या मांडल्या: भीती, लाज आणि आदराचा संकोच. मूल या क्रमाने ‘जावानीज’ होत जातं. मी हे प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात व्यवस्थित लिहिलं होतं! लिहिलं, आणि मग वर्गात शिक्षिकेच्या हातून फॉर्म वाटले. वाचलेलं आणि केलेलं यांची गाठच पडली नाही.

शिवाय शिक्षक तिथे नुसता विषय शिकवणारा माणूस नसतो. गुरू म्हणजे ‘दिगुगु लान दितिरु’, ज्याचं ऐकायचं आणि ज्याचं पाहून वागायचं, अशी जावानीज फोड घराघरात ठाऊक आहे. 1922 मध्ये योग्याकार्तात तामान सिस्वा ही शाळा काढणाऱ्या की हाजार देवांतारांचं ‘तुत वुरी हांदायानी’, म्हणजे मागे राहून बळ द्यावं, हे वचन शिक्षण खात्याच्या बोधचिन्हावर आहे. आता अशा माणसाने दिलेला कागद मूल कोरा परत देईल का? सहभाग ऐच्छिक आहे असं पहिल्या पानावर ठळक छापलं होतं मी. त्या छापील ओळीला त्या वर्गात काडीचंही वजन नव्हतं.

मग मी शाळेतल्या गुरू बेकांकडे गेले. बेका म्हणजे बिम्बिंगान दान कॉन्सेलिंग, समुपदेशन शिक्षक. नव्या लोकांना माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला हाच: मुख्याध्यापकांकडून परवानगी घ्या, पण काम बेका शिक्षकांबरोबर करा. त्या बाईंनी मला चार मुलांशी बोलू दिलं, कँटीनमागच्या बाकावर, शिक्षक नसताना. पांढरा शर्ट आणि करडा स्कर्ट, हायस्कूलचा तो नेहमीचा गणवेश, त्यातली एक मुलगी स्वतःचा फॉर्म हातात धरून बराच वेळ गप्प होती. मी विचारलं, हे दोन्ही कसं खरं? ती म्हणाली, “न्गाक एनाक, म्बाक.” शब्दशः ‘चवदार नाही, ताई’. बरं दिसत नाही, अवघडल्यासारखं होतं, हा त्याचा अर्थ. वर्गात विचारलं तर बाईंनी नीट शिकवलं नाही असं होतं, म्हणून ती गप्प राहते. मग विचारत नाहीस का? विचारते ना! वर्गाचा मॉनिटर, कतुआ कलास, तो सगळ्यांचे प्रश्न गोळा करतो आणि बाईंना वॉट्सअॅपवर पाठवतो.

म्हणजे तिची दोन्ही उत्तरं खरी होती. मुलांनी भिडेने हो म्हटलं होतं हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की माझ्या प्रश्नाला त्यांची विचारण्याची रीतच माहीत नव्हती. एकटा उठून, मोठ्याने, सगळ्यांसमोर विचारेल त्यालाच मदत मागणारा म्हणायचं, हे मी परक्या मोजपट्टीतून जसंच्या तसं उचललं होतं.

आपण मराठी माणसं तिथे आणखी एका ठिकाणी घसरतो, शब्दांपाशी. भाषा ओळखीची वाटते. गुरु, सिस्वा, महासिस्वा, आस्रामा, जिवा, सगळे संस्कृतातून गेलेले. पण चिंता तिथे ‘चिंता’ राहिलेली नाही, ‘प्रेम’ झाली आहे. संसाराचा झाला सेंगसारा, म्हणजे हालअपेष्टा. भाग्याचं झालं बहागिया, म्हणजे आनंदी. आणि ‘बिचारा’ म्हणजे बोलणं. वर्षभर भाषा शिकूनही माझा कान मराठीच राहिला, आणि एका आइतेममध्ये ‘विचारतो’च्या जागी मी ‘बिचारा’ घातलं. व्याकरण बरोबर, म्हणून तपासणाऱ्यांनीही हटकलं नाही. मुलांनी वाचलं: ‘मी शिक्षकांशी बोलतो’. बोलतातच की! रोज सकाळी फाटकाशी शिक्षकांचा हात कपाळाला लावून नमस्कार करणारी मुलं ती. विचारण्यासाठी शब्द आहे बर्तान्या.

एक देणगी मात्र आपल्याकडे आहे, ती वापरा. इंग्रजी ‘वुई’चं भाषांतर करताना तिथे ‘किता’ घ्यायचं की ‘कामी’, हा प्रश्न पडतो. ऐकणाऱ्याला धरून किंवा वगळून. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, आपण आणि आम्ही. ‘आमच्या वर्गात’ आणि ‘आपल्या वर्गात’ यांत शिक्षक आत आहेत की बाहेर, हे एका शब्दावर ठरतं. मूळ मोजपट्टी इंग्रजी असेल तर असे शब्द आधी मराठीत करून बघा. माझे दोन आइतेम त्यामुळेच बचावले.

शिक्षकांवर काम करणार असाल तर वेगळी काळजी घ्या. त्यांच्यात सरकारी नोकरीतले आहेत, करारावरचे पेपेपेका आहेत आणि गुरू होनोरेर आहेत, ज्यांना तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षं राबावं लागतं. या सगळ्यांना ‘शिक्षक’ या एका रकान्यात घालू नका. माझ्या मैत्रिणीच्या अभ्यासात होनोरेर शिक्षक बर्नआउटवर कमी गुण घेत होते आणि मुलाखतीत म्हणत होते, “इख्लास साजा.” फळाची अपेक्षा न ठेवता, देवासाठी करायचं. हा थकवा नसल्याचा पुरावा आहे, की थकव्याला दिलेलं नाव? तिथले संशोधक साबार (धीर, संयम) आणि इख्लास यांना स्वतंत्र संकल्पना म्हणून मोजतात. आधी तेच वाचा. आणि मदरसे धर्म मंत्रालयाखाली येतात, शिक्षण मंत्रालयाखाली नाही, त्यामुळे परवानगीचा रस्ताही वेगळा.

तरुणांबद्दल थोडक्यात. मानसशास्त्रज्ञ आर्नेट यांची 2000 सालची ‘इमर्जिंग अॅडल्टहूड’ची, म्हणजे किशोरवय आणि प्रौढपण यांमधल्या टप्प्याची मांडणी तिथे प्रत्येक दुसऱ्या प्रबंधात दिसते, ‘क्वार्टर लाइफ क्रायसिस’ (पंचविशीच्या आसपासची घालमेल) हा शब्द तर कॉलेजातल्या पोरांच्या तोंडी आहे. पण त्या मांडणीत पुढे या वयाची एक खूण म्हणून ‘स्वतःकडे लक्ष’ सांगितलं आहे, आणि पदवी संपवणाऱ्या मुलांना काय हवंय विचारलं की मला पहिलं उत्तर मिळायचं ‘मम्बहागियाकान ओरांग तुआ’, आईवडिलांना आनंदी करायचंय. जळगावात वाढलेल्या मुलीला हे नवं नव्हतं. म्हणूनच जास्त जपावं लागलं, कारण ओळखीचं वाटलं की आपण पुढचा प्रश्न विचारत नाही.

मार्गदर्शक निवडताना नावाकडे बघू नका, खोडलेल्या कागदांकडे बघा. तिथे मुलं ‘एसीसी मिळाली’ म्हणतात, म्हणजे मार्गदर्शकाने मान्य केलं. लवकर एसीसी देणारे मार्गदर्शक लोकप्रिय असतात. माझ्या मते त्यांच्यापासून लांबच राहावं. मला वाचवलं ते ज्यांच्या दाराशी मी तीन-तीन तास थांबले त्या बाईंनी, फॉर्म बघून त्यांनी एवढंच विचारलं होतं, “वाटले कुणी?” गूगल फॉर्म करून गटागटांत टाकायचा आणि ‘भाग्यवान पाच जणांना गोपेचे (मोबाइल वॉलेटचे) पैसे’ असं लिहायचं, ही प्रथाही मला पटत नाही. तिथे ज्यांना पैसे हवेत ते भेटतात, ज्यांचा अभ्यास करायचाय ते नाही. आणि भाषांतर यंत्राने करून ‘बॅक ट्रान्सलेशन केलं’, म्हणजे परत मूळ भाषेत आणून पडताळलं, असं लिहिणं ही सरळ फसवणूक आहे.

कागदपत्रांना घाबरू नका. फॅकल्टीचं पत्र, केसबांगपोल (राष्ट्रीय ऐक्य आणि राजकारणाचं स्थानिक सरकारी कार्यालय), शिक्षण खातं, शाळा, प्रत्येक टेबलावर शिक्का आणि शाईची सही. वेळ लागतो, पण लोक चहा देतात आणि रस्ता सांगतात. भारतातून परदेशी संशोधक म्हणून जाणार असाल तर ब्रिन या राष्ट्रीय संशोधन संस्थेची परवानगी आणि नैतिक मंजुरी आधी घ्या. 2019 च्या कायद्यापासून हा विषय हलक्यात घेण्यासारखा राहिलेला नाही. अठराच्या आतली मुलं असतील तर पालकांची संमती घ्याच, मुख्याध्यापकांची सही त्याची जागा घेत नाही. माझ्याकडून पहिल्या खेपेला तेही राहिलं होतं. रमजान कधी आहे ते बघून तारखा ठरवा.

दुसऱ्या खेपेला बेका बाईंनी इन्स्टंट नूडल्सचं रिकामं खोकं आणलं, झाकणाला फट पाडली आणि वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवलं. वर्गशिक्षिका बाहेर गेल्या. मी फळ्यावर लिहिलं की कोरा कागद टाकला तरी चालेल, आणि मीही दाराबाहेर जाऊन उभी राहिले. खोकं उघडलं तेव्हा बरेच कागद कोरे निघाले. त्या दिवशी मला ते कोरे कागद बघून रडू आलं. एका कागदावर नवव्या आइतेमच्या समासात बारीक पेन्सिलने लिहिलं होतं: ‘मॉनिटरकडून विचारलं तर मोजाल का?’ मी बाहेर पायरीवर बसले आणि नववा आइतेम तिसऱ्यांदा लिहायला घेतला.