सोलापूरच्या उन्हाळ्यात कार्यक्रम करताय? तबला, पेटी आणि साउंडच्या या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठाक पडते. अशा दिवसांत दुपारी चारला लावलेला तबला सात वाजताही त्याच सुरात मिळेल, असं धरून चालू नका. कातडं वाळलं की ताणलं जातं आणि सूर चढतो. जरा दमट हवा लागली की सैलावतं आणि सूर उतरतो. पेटीचे सूर पितळेचे, ते तापले की किंचित उतरतात. कीबोर्ड मात्र जागचा हलत नाही. एकाच स्टेजवरची ही तीन वाद्यं तीन वाटांनी जातात आणि गायक मध्ये अडकतो. मग दोष साउंडवाल्याला दिला जातो. खरं तर बहुतेक कार्यक्रम बिघडतात ते पहिल्या गाण्याच्या आधीच्या तासाभरात, आणि तेही क्रम चुकल्यामुळे.

कोणी कोणाला मिळायचं

सर्रास होणारी चूक म्हणजे तबलजी आधी तबला लावून मोकळा होतो आणि मग बाकीचे त्याच्याशी जुळवत बसतात. स्टेजवर पेटी लावता येत नाही. तिचा सूर बदलायचा तर पितळी पट्टी घासावी लागते, आणि ते कारागिराचं काम आहे. जे हलत नाही त्याला बाकीच्यांनी मिळायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी भांडणं मिटतात.

स्टेजवर बसल्यावर आधी पेटी उघडा. मोबाइलवरच्या ट्यूनर अ‍ॅपसमोर मध्य सप्तकातली पांढरी सहा (सहावी पांढरी पट्टी) वाजवा. भाता नेहमीच्या जोरानेच मारा, कारण दाब वाढला की सूर थोडा हलतो. आकडा ४४० हर्ट्झ आला तर उत्तम. जुन्या पेट्यांमध्ये तो ४३६ किंवा ४४४ ही निघतो. मग कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘मास्टर ट्यून’ शोधा आणि तोच आकडा तिथे भरा. या पट्टीत १ हर्ट्झचा फरक म्हणजे साधारण ४ सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट). पेटी ४४४ वर आणि कीबोर्ड ४४० वर राहिला तर १६ सेंटचा फरक पडतो, आणि लांब धरलेल्या सुरात तो लाटा येतात तसा घुमतो. कीबोर्ड झाला की इलेक्ट्रॉनिक तानपुरा. तबला सगळ्यांत शेवटी, पडदा उघडायच्या दहा मिनिटं आधी.

गायकांसाठी एक गोष्ट. पेटीकडून फक्त षड्ज घ्या. समान अंतरावर बांधलेल्या पेटीचा गंधार तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ या काळात पेटीला बंदी होती, आणि या बांधील सुरांवर तेव्हा मोठा आक्षेप होता. आज पेटीशिवाय आपलं भजन होत नाही, नाट्यगीत होत नाही, आणि त्यात काही चूक नाही. पण गंधारावर थांबायचं असेल तेव्हा पेटीवाल्याने तो सूर दाबून धरू नये. हात हलका सोडावा, गायकाला जागा द्यावी.

कूलरची हवा

लग्नातल्या संगीताला आणि मंडळाच्या कार्यक्रमाला स्टेजच्या दोन्ही बाजूंना मोठे कूलर लावतात. कलाकारांची काळजी म्हणून त्यांचं तोंड स्टेजकडेच असतं. कूलरची हवा ओली असते. बाहेरच्या कोरड्या उन्हात चढलेला तबला त्या झोतात वीस-पंचवीस मिनिटांत खाली येतो. डग्ग्याची पुडी (तोंडावरचं कातडं) मोठी आणि सैल, म्हणून तो आधी ढेपाळतो आणि घुमण्याऐवजी थपथप वाजायला लागतो. कूलर प्रेक्षकांकडे वळवा किंवा निदान तबलजीच्या पाठीमागून तिरपा ठेवा. तोच झोत माइकवर आला तर सोसाट्याचा आवाज येतो. माइकला फोमची टोपी घातली की तो बराच कमी होतो.

वातानुकूलित सभागृहात वेगळी अडचण. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या ठिकाणी बाहेरच्या उन्हातून वाद्यं आत आली की लगेच हातोडी उचलू नका. गवसणी काढा, तबला-डग्गा स्टेजवर ३० ते ४० मिनिटं नुसते ठेवा. कातड्याला त्या हवेची सवय होऊ द्या. आल्या आल्या लावलेला तबला पहिल्या दोन गाण्यांतच सरकतो.

लावताना मोठा फरक असेल तर आधी गठ्ठे (वादीखालचे, म्हणजे कातडी पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे). आठही गठ्ठे समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे खाली घेतले की सूर चढतो, वर घेतले की उतरतो. एकच गठ्ठा जोरात ठोकून काम उरकायला गेलात तर पुडी एका अंगाला ओढली जाते आणि पुडीच्या कडेच्या सोळा घरांत चार वेगवेगळे सूर ऐकू येतात. गठ्ठ्यांनी जवळ आलं की गजऱ्याकडे (पुडीच्या काठाची कातडी वेणी) वळा. एका घरावर ‘ना’ वाजवा, मग बरोबर समोरच्या घरावर. ज्या घराचा सूर उतरलेला असेल तिथे गजऱ्यावर वरून हातोडीचा हलका ठोका. जिथे चढलेला असेल तिथे गजऱ्याला खालून वर. हातोडी फक्त गजऱ्याला लागली पाहिजे. चाटेवर (पुडीच्या कडेच्या कातड्यावर) निसटली तर पुडी तिथेच फाटायला सुरुवात होते.

तोंडाचा आकारही आधी बघा. काळी एकला (पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) सव्वापाच ते साडेपाच इंची दायाँ (उजवा तबला) चालतो. तोच ओढून ताणून काळी तीनला नेऊ नका, वादीही जाते आणि पुडीही. गायिका काळी चारला गात असेल आणि हाताशी काळी एकचाच तबला असेल तर घाबरायचं कारण नाही. काळी चारचा मध्यम म्हणजेच काळी एक. तबला मध्यमात लावता येतो, फक्त गाण्याला तो मध्यम सोसला पाहिजे. काळी दोन म्हणजे तिचा पंचम, तोही चालतो.

शाईवर (पुडीवरच्या काळ्या गोलावर) पावडरचा थर साचू देऊ नका. ती घामात मिसळून शाईच्या बारीक भेगांत बसते. कोरडा सुती रुमाल जवळ ठेवा आणि दर गाण्यानंतर हात पुसा.

गाडीतली पेटी

दुपारी दोनला बंद गाडीच्या डिकीत ठेवलेली पेटी ही सोलापुरातली सगळ्यांत महागडी चूक. आत तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त जातं. भात्याचे जोड सरसाने चिकटवलेले असतात, ते सुटायला लागतात. पट्टीखालचं चामडं कडक होऊन वाकतं, लाकूड तडकतं. ढोलकच्या धुमेला (खर्जाच्या तोंडाला) आतून लावलेला मसाला मऊ पडून ओघळतो, तेही अशाच गाडीत. सीटवर, सावलीत आणि सोलापुरी चादरीच्या दोन घड्यांत गुंडाळून न्या. सुती जाड विणीची चादर उष्णता सावकाश आत सोडते, शिवाय तीच स्टेजवर बैठकीला कामी येते.

पोचल्यावर पेटीची तपासणी दोन मिनिटांची. खुंट्या (समोरच्या, हवा सोडणाऱ्या) बंद करून भाता पूर्ण भरा आणि सोडा. आतली हवा पटकन बसली तर कुठेतरी गळती आहे. मग खुंट्या उघडा, पट्टीला हात न लावता भाता मारा. एखादा सूर आपोआप वाजत असेल तर त्या पट्टीखाली कचरा अडकलाय किंवा स्प्रिंग सैल झाली आहे. एखादा सूर अजिबात बोलत नसेल तर बहुतेकदा पितळी जीभ आणि चौकटीमध्ये धुळीचा कण असतो. पातळ कागदाची पट्टी हलक्या हाताने सरकवली की तो निघतो. सुई किंवा ब्लेड वापरू नका, पितळेवर चरा पडला तर सूर कायमचा बदलतो. स्केल चेंजरची पेटी (पट्ट्यांचा संच सरकवून सूर बदलणारी) असेल तर सूर बदलताना भाता रिकामा ठेवा आणि कोणतीच पट्टी दाबलेली नको.

वीज: प्लग लावण्याआधी मीटर लावा

मांडवातलं तात्पुरतं कनेक्शन बहुतेकदा थ्री फेजचं असतं. त्यात न्यूट्रल सैल राहिला किंवा सुटला तर एका फेजवर २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. कीबोर्डचा अ‍ॅडॉप्टर, मिक्सर, वायरलेस माइकचा रिसीव्हर एका झटक्यात जळतात. हे टाळायला काहीशे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर पुरतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२० ते २४० हवेत. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये २-३ व्होल्टपेक्षा जास्त नकोत. मग डेकोरेशनवाल्याला सगळे हॅलोजन एकदम लावायला सांगा आणि आकडा बघत राहा. एका बोर्डावर दाब खाली गेला आणि दुसऱ्यावर एकदम वर चढला, तर न्यूट्रल सैल आहे. तिथेच थांबा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. आपण बोर्डात हात घालायचा नाही.

जनरेटरवर असाल तर आधी तो सुरू होऊन स्थिर होऊ द्या, नंतर साउंड जोडा. बंद करताना उलट.

स्पीकरमधून ‘घुंऽऽ’ असा अखंड आवाज येत असेल तर तो ५० किंवा १०० हर्ट्झचा गुंजारव आहे. कीबोर्ड एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर असला की असं होतं. दोन्ही एकाच ठिकाणाहून घ्या, किंवा कीबोर्ड डीआय बॉक्समधून (वाद्य आणि मिक्सरच्या मधली छोटी पेटी) देऊन त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणं हा उपाय आम्हाला अजिबात मान्य नाही. आवाज जातो खरा, पण बिघाड झाला तर तो करंट ओठाला टेकलेल्या माइकमधून गायकात उतरतो.

शिट्टी का येते

आठ जणांचं भजनी मंडळ, आठ माइक चालू, आणि स्पीकरमधून शिट्टी. प्रत्येक वेळी चालू माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. एका माइकच्या तुलनेत आठ माइकांवर ९ डेसिबल गेले. उलट माइक तोंडापासून ८ इंचांवरून ४ इंचांवर आणला की ६ डेसिबल परत मिळतात. म्हणून टाळकऱ्यांना दोन माइक पुरतात. ज्याचं गाणं चालू नाही त्याचा माइक खाली.

माइकची जाळी मुठीत धरणं ही पुढची चूक. ऑर्केस्ट्रात बघून हे सगळे शिकतात. मुठीत धरला की मागचा आवाज गाळण्याची माइकची शक्ती संपते आणि शिट्टी लगेच येते. शुअर एसएम ५८ सारख्या माइकला पाठीमागचा आवाज सगळ्यांत कमी ऐकू येतो, म्हणून मॉनिटर (कलाकाराकडे तोंड असलेला स्पीकर) बरोबर माइकच्या शेपटीच्या रेषेत ठेवा. बीटा ५८ असेल तर बरोबर मागे नको, जरा बाजूला, साधारण १२० अंशांवर. दोन्ही माइकांना एकाच जागी मॉनिटर ठेवून ‘महागडा माइक शिट्टी मारतो’ म्हणणं चुकीचं आहे.

गेन (मिक्सरवर माइकचा आवाज आत किती घ्यायचा ते) लावताना गायक ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हणतो आणि साउंडवाला त्यावरच समाधानी होतो. बोलण्याचा आवाज आणि तार सप्तकातली ओळ यांत फार फरक असतो. फेडर (मिक्सरची सरकपट्टी) ‘०’ लिहिलेल्या खुणेवर ठेवा, गायकाला सगळ्यांत जोराची ओळ गायला सांगा, पीकचा लाल दिवा क्वचित लुकलुकेल इतका गेन वाढवा आणि तिथून थोडा मागे घ्या. गायकाच्या माइकला १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा आवाज कापणारं बटण) लावा. डग्ग्याच्या माइकला मात्र लावू नका, त्याचं घुमणंच तिथे असतं. डग्गा फार गुरगुरला तर २५० ते ३०० हर्ट्झच्या आसपास थोडं कापा. तबल्याचे माइक पुडीपासून ४ ते ६ इंचांवर, पेटीचा वरून ६ ते ९ इंचांवर. भात्याच्या तोंडाशी ठेवलात तर फुसफुस जास्त आणि सूर कमी.

‘साउंडवाले दादा, मॉनिटरला पेटी वाढवा’ असं गाण्याच्या मध्ये ओरडण्यापेक्षा तपासणीतच ठरवा: गायकाला स्वतःचा आवाज आणि पेटी, तबलजीला गायक. बाकी काहीच नको. मॉनिटरमध्ये सगळं भरलं की कोणालाच काही ऐकू येत नाही.

आणि स्टेजवर उभं राहून बाहेरच्या आवाजाचा निवाडा करू नका. एकाने शेवटच्या खुर्चीपर्यंत चालत जावं. सभागृह रिकामं असताना घुमेल, माणसं बसली की ते बरंच शोषलं जातं, तेव्हा रिकाम्या सभागृहावरून सगळे ट्रेबल कापून टाकू नका. मागच्या भिंतीला चादरी टांगल्या तर वरचा कर्कशपणा कमी होतो, खालचा घुमारा मात्र तसाच राहतो. होम मैदानासारख्या मोकळ्या जागी मागे ३० मीटरवर जादा स्पीकर लावले असतील तर त्यांना साधारण ८५ मिलिसेकंदांचा डिले (उशीर) द्या, नाहीतर मागच्या रांगेला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

कराओके ट्रॅकमधून बेस गायब

मोबाइलच्या स्टिरिओ जॅकची वायर मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड चॅनलला लावली की डावं आणि उजवं एकमेकांतून वजा होतं. मध्यभागी असलेले ढोल, बेस, कोरस नाहीसे होतात आणि नुसती झांज आणि घुमारा उरतो. लोक ट्रॅकला शिव्या घालतात. एका स्टिरिओ जॅकचे दोन मोनो जॅक करणारी वायर घ्या, दोन चॅनल वापरा. मोबाइल फ्लाइट मोडवर.

वेळ

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकारने जाहीर केलेल्या वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांनाच १२ पर्यंत सूट मिळते. पत्रिकेवर सातची वेळ, सत्कार साडेआठपर्यंत, मग गाणी, असा बेत असेल तर चांगली चार गाणी जातातच. सत्कार मध्यंतरात ठेवायला संयोजकांना आधीच सांगा, आणि साउंड चेक साडेपाचपर्यंत उरका.

शेवटचा अभंग झाला की पखवाजाच्या डाव्या तोंडावरची कणीक लगेच काढा. इथल्या हवेत ती तासाभरात वाळून तडकते, आणि रात्रभर राहिली तर सकाळी खरवडताना कातडंच निघतं. पुढच्या वेळी थर पातळ द्या, वाजवण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी लावा, आणि मध्ये सुकायला लागली तर ओल्या बोटाने तिला जरा ओलावा द्या.