भाड्याचं घर आणि हातात कमी पैसे: सजावट कुठून सुरू करायची

भाड्याच्या घरासाठी काहीही विकत घेताना आधी एकच प्रश्न विचारा, घर सोडताना हे माझ्याबरोबर येणारे का? येणार असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. येणार नसेल तर फुकटात किंवा अगदी थोडक्यात भागवा. भिंतीचा रंग, चिकटवलेलं फ्लोअरिंग, कोपऱ्याच्या मापाने बनवून घेतलेलं कपाट, हे सगळं शेवटी घरमालकाचं होतं. दिवे, पडदे, गालिचा, आरसा, कुंड्या, उशांची कव्हरं मात्र खोक्यात भरून पुढच्या घरी नेता येतात. बजेट लहान असतं तेव्हा या एका प्रश्नावरच सगळं ठरतं, आणि तरीही बरेच जण राहायला गेल्या गेल्या सगळे पैसे भिंतींवर घालून मोकळे होतात.

सामान लावायच्या आधी दोन कामं उरका. एक म्हणजे ॲग्रीमेंट नीट वाचा, खिळे ठोकायला, रंग द्यायला, काही चिकटवायला परवानगी आहे का ते बघा, आणि शंका असेल तर घरमालकाला मेसेज करून विचारा म्हणजे उत्तर लेखी राहतं. तोंडी 'हो चालेल' ऐकून भिंतीला हात लावू नका. दुसरं, रिकाम्या घराचे फोटो काढा, भिंतींवरचे जुने डाग, खिळ्यांची भोकं, फुटकी टाइल, ओल आलेले कोपरे, सगळं जवळून. ज्या दिवशी ताबा घेतला त्याच दिवशी हे फोटो घरमालकाला पाठवून ठेवा, डिपॉझिट परत घेताना यांचाच आधार असतो.

मग साफसफाई. सजावटीच्या लेखात साफसफाई कशाला असं वाटेल, पण खिडकीच्या काचा दोन्ही बाजूंनी पुसल्या, पंख्याची पाती पुसली, दिव्यांच्या कव्हरमधले मेलेले किडे काढले की खोली खरंच उजळ दिसते आणि खर्च जवळपास शून्य. स्विचबोर्डवरचे काळे डाग मेन स्विच बंद करून किंचित ओलसर फडक्याने पुसा, स्प्रे थेट बोर्डावर मारू नका.

आता उजेड. माझ्याकडे फक्त एकाच गोष्टीपुरते पैसे असते तर मी ते दिव्यांवरच घातले असते, कारण वाईट उजेडात चांगली वस्तूसुद्धा मरगळलेली दिसते. भाड्याच्या बहुतेक घरांत छताला मधोमध एक पांढराफट दिवा असतो, त्याने खोली दिसते पण राहावंसं वाटत नाही. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो तो बघायला शिका, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उबदार, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३०००, स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४०००, बास. एकाच खोलीत वेगवेगळे रंग मिसळू नका, विचित्र दिसतं. आणि वॉट बघून बल्ब निवडू नका, वॉट म्हणजे तो वीज किती खातो, उजेड किती देतो ते लुमेनमध्ये लिहिलेलं असतं, जुना ६० वॉटचा बल्ब जेवढा उजेड द्यायचा तेवढा म्हणजे साधारण ८०० लुमेन हल्ली ८-९ वॉटच्या एलईडीतून मिळतो. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, दिला असेल तर ९० च्या आसपासचा घ्या, कपड्यांचे, लाकडाचे, माणसांच्या चेहऱ्याचे रंग नीट दिसतात. होल्डर पिनचा आहे की आट्यांचा ते घरी बघूनच दुकानात जा.

एका मोठ्या दिव्याऐवजी दोन-तीन छोटे दिवे वेगवेगळ्या उंचीवर ठेवले की खोलीला खोली येते. एक टेबल लॅम्प, एक उभा लॅम्प, आणि एखादा छोटा दिवा कुंडीमागे किंवा पुस्तकांच्या मागे भिंतीकडे तोंड करून, म्हणजे प्रकाश भिंतीवर आपटून मऊ होऊन येतो. सगळे प्लगवर चालणारे, वायरिंगला हात लावायची गरज नाही. फक्त एकाच एक्स्टेंशन बोर्डावर सगळं लादू नका आणि वायर गालिच्याखालून नेऊ नका, पाय पडून घासली जाते आणि गरम झाली तरी कळत नाही. घरमालकाचे काढलेले बल्ब एका पिशवीत जपून ठेवा, त्याच पिशवीत पुढे आणखी बरंच काही जाणारे.

पडदे हा दुसरा मोठा बदल. खिडकी लहान असेल तर रॉड चौकटीच्या बराच वर, छताच्या जवळ, आणि दोन्ही बाजूंना १५-२० सेंटीमीटर बाहेर गेला पाहिजे, म्हणजे पडदा उघडल्यावर तो काचेवर न येता भिंतीवर राहतो, उजेड पूर्ण आत येतो आणि खिडकी मोठी वाटते. पडद्यांची एकूण रुंदी खिडकीच्या दीडपट ते दुप्पट हवी, नाहीतर चुण्याच पडत नाहीत आणि चादर टांगल्यासारखं दिसतं. लांबी जमिनीला जेमतेम टेकेल इतकी. अर्ध्यावर थांबणारे पडदे शक्यतो टाळा, स्वयंपाकघर सोडून. नवीन भोकं पाडायला परवानगी नसेल तर चौकटीच्या आत दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो, पण तो हलक्या कापडालाच, जाड ब्लॅकआउट पडदा लावलात तर घसरून खाली येणार. कापड मापापेक्षा लांब असेल तर शिंप्याकडे न जाता इस्त्रीने चिकटणारी टेप लावून खालची पट्टी दुमडता येते, आणि साध्या एकरंगी चादरीला रॉडच्या क्लिपवाल्या रिंगा लावल्या तरी उत्तम पडदा होतो.

भिंतीवर काही लावायचं तर न ठोकता लागणारे, पट्टी ओढून निघणारे हुक वापरता येतात, पण ते कसे लावायचे हे नीट माहीत नसल्यामुळे लोकांच्या फ्रेमा पडतात आणि मग सगळे हुकलाच शिव्या घालतात. भिंत आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या स्पिरिटने पुसायची, साबणाच्या पाण्याने नाही, कारण साबणाचा थर मागे राहतो. हुक ३० सेकंद घट्ट दाबून धरायचा आणि मग लगेच काही टांगायचं नाही, किमान तासभर थांबायचं. वजनाची मर्यादा पाकिटावर असते, तिच्या निम्म्यावरच थांबलेलं बरं. भिंतीवरून हात फिरवल्यावर पावडर हाताला लागत असेल, म्हणजे चुना किंवा साधा डिस्टेंपर असेल, तर कुठलाही चिकट हुक तिथे टिकणार नाही, पडताना रंगाचा पापुद्रा घेऊनच पडेल. खरबरीत भिंतीवर, ओल असलेल्या भिंतीवरही तेच. नुकताच रंग दिलेला असेल तर निदान आठवडाभर थांबा. पलंगाच्या डोक्यावर जड किंवा काचेची फ्रेम अशी चिकटवून लावू नका. साधी दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप तर भिंतीला लावूच नका, ती निघताना रंग घेऊन निघते.

जिथे काहीच टिकत नाही तिथे टेकवा. मोठी फ्रेम टेबलावर, कपाटावर, बुकशेल्फवर भिंतीला टेकवून ठेवली तर छानच दिसते, पुढे एखादी छोटी फ्रेम किंवा कुंडी ठेवली की झालं. टांगणारच असाल तर चित्राचा मध्य जमिनीपासून १४५-१५० सेंटीमीटरवर ठेवा, लोक नेहमी फार वर लावतात. सोफ्याच्या वर असेल तर सोफ्याची पाठ आणि फ्रेम यांत १५-२० सेंटीमीटर पुरे, आणि चित्रांचा सगळा गट मिळून सोफ्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांश तरी भरला पाहिजे. आधी फ्रेमच्या मापाचे कागद कापून मास्किंग टेपने लावून दोन दिवस बघा, कागद हलवायला काही लागत नाही.

मोठा आरसा खिडकीच्या समोर किंवा शेजारच्या भिंतीला ठेवा, उजेड दुप्पट होत नाही पण खोलीच्या आतल्या अंधाऱ्या बाजूला पोचतो. आरशात काय दिसणार ते मात्र आधी बघा, समोर कपड्यांचा ढीग असेल तर ढीग दोन होतील. घरात लहान मुलं असतील तर नुसता टेकवलेला आरसा नको, तो बांधून पक्का करायला जागा असेल तरच ठेवा.

फर्निचर जुनं घ्या, पण सगळं नाही. लाकडी आणि लोखंडी वस्तू जुन्या घ्यायला हरकत नाही, टेबल, खुर्च्या, शेल्फ, खोल्या बदलल्या तरी कुठेही खपतात. गादी आणि कापडी सोफा जुना घेताना मला तरी भीती वाटते, ढेकूण एकदा घरात शिरले की सजावटीचं सगळं बजेट त्यांच्यावरच जातं. लाकडी वस्तू घेतानाही सांधे, स्क्रूची भोकं, ड्रॉवरचा खालचा भाग टॉर्च मारून बघा, काळे बारीक ठिपके दिसले तर वस्तू कितीही स्वस्त असो, सोडून द्या. वस्तू ठरवण्याआधी दार, जिना आणि लिफ्टचं माप घेतलेलं असू द्या. रंग द्यायचा असेल तर आधी पॉलिश पेपरने घासा, धूळ पुसा, प्रायमर मारा, मग जाड एका हाताऐवजी पातळ दोन-तीन हात. घासणं टाळलं तर महिनाभरात सालं निघतात. आणि वस्तू फार जुनी असेल तर त्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे ती कोरडी घासूच नका, रंगवायला दुसरी शोधा.

विकत घेण्याआधी वस्तूचा आकार जमिनीवर मास्किंग टेपने आखून त्याभोवती दोन-तीन दिवस वावरून बघा. चालायला ७५ ते ९० सेंटीमीटर मोकळे हवेत, सोफा आणि टीपॉय यांत ४०-४५ पुरतात. सगळं भिंतीला चिकटवून मध्ये मैदान ठेवायची सवय असते, ती मोडून बघा, सोफा एक वीतभर पुढे ओढला तरी खोली बसायची वाटायला लागते. ओलीच्या भिंतीला तर कपाट चिकटवायचंच नाही, मागे हवा खेळली नाही की बुरशी धरते.

फरशी आवडत नसेल तर ती झाका, पण चिकटवून नाही. गालिचा घेताना लहान घेऊ नका, निदान सोफ्याचे पुढचे दोन पाय तरी त्यावर आले पाहिजेत, खोलीच्या मधोमध तरंगणारा छोटा गालिचा खोलीच लहान करतो. मोठा महाग पडत असेल तर खाली साधी मोठी चटई आणि तिच्यावर छोटा गालिचा. फरशी व्हिनाइलची असेल तर रबराच्या पाठीचं मॅट तिच्यावर कायमचं टाकू नका, पिवळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

रंगाचं म्हणाल तर आधी जे बदलता येणार नाही ते बघा. टाइल कुठल्या रंगाची आहे, कपाटांचा सनमायका कुठला, दारं कशी आहेत. त्यातलाच एक रंग उचला आणि उशा, पडदे, गालिचा यांत दोन-तीन ठिकाणी परत आणा, मग ती नावडती टाइलसुद्धा मुद्दाम निवडल्यासारखी दिसते. तिच्याशी भांडणारा रंग आणलात तर नजर परत परत टाइलकडेच जाणार.

झाडं आणा, कमी उजेडात मनी प्लांट, स्नेक प्लांट, झीझी प्लांट तग धरतात, आणि मनी प्लांटची फांदी पेरासकट कापून पाण्यात ठेवली की मुळं फुटतात, म्हणजे ओळखीच्या कुणाकडून एक फांदी मागून आणली तरी पुरे. मांजर-कुत्रं असेल तर ही तिन्ही त्यांच्या तोंडापासून लांब ठेवा, त्यांना बाधतात. हवा शुद्ध होते म्हणून मात्र महागाची झाडं घेऊ नका. ती समजूत नासाच्या १९८९ च्या अभ्यासातून पसरली, पण ते प्रयोग बंद पेटीत केलेले होते. २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा हिशोब मांडला गेला तेव्हा दिसलं की घरात आपोआप जेवढी हवा बदलते तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील. खिडकी उघडा, झाडं शोभेसाठी ठेवा.

स्वयंपाकघरात कपाटांचे हँडल बदलणं हे सगळ्यात स्वस्तातलं काम, फक्त दोन स्क्रूंमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजून न्या, बहुतेक वेळा ९६ किंवा १२८ मिलिमीटर असतं, तेच असेल तर नवीन भोक पाडावं लागत नाही. जुने हँडल आणि स्क्रू बल्बच्या पिशवीत. स्टिकर वॉलपेपर लावायचाच असेल तर कपाटाच्या आतल्या पाठीला किंवा शेल्फला लावा, भिंतीला लावायचा झाला तर कोपऱ्यात छोटा तुकडा आठवडाभर लावून काढून बघा, रंग सोबत आला तर विषय तिथेच संपवा.

घर सोडायच्या वेळी हुकची पट्टी पुढे ओढायची नाही, भिंतीला समांतर सरळ खाली हळूहळू ताणायची, हुक आपोआप सुटतो. पट्टी तुटली तर हेअर ड्रायरने गोंद गरम करा आणि मागून जाड दोरा करवतीसारखा फिरवा. चिकटा काढायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, तो रंग विरघळवतो. खिळ्यांची भोकं पुट्टीने भरा, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा. मग ती पिशवी काढा, घरमालकाचे बल्ब, हँडल, पडद्याचे रॉड जिथल्या तिथे बसवा, आणि सामान बाहेर गेल्यावर, चावी देण्याआधी, सुरुवातीला जे फोटो काढले होते त्याच कोनांतून परत फोटो काढा.