खरपूस की करपट: स्टाउट चाखायला शिकताना

माझ्या चाखण्याच्या पहिल्या वहीत जवळजवळ प्रत्येक पानावर तेच दोन शब्द आहेत: कॉफी आणि चॉकलेट. ते खोटे नव्हते, स्टाउट या काळ्या बीअरला ते वास असतातच. पण जिभेला अगदी निराळ्या लागलेल्या दोन बीअर वहीत मात्र जुळ्या दिसत होत्या. ब्रूअरीच्या टेस्टिंग पॅनलवर मी तेव्हा नवी होते. शेजारी बसणाऱ्या अनुभवी सहकाऱ्यानं वही चाळली आणि विचारलं, "ही कॉफी खरपूस आहे की करपट?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून मी बाटलीवर छापलेली विशेषणं उसनी घेणं सोडलं. खमंग, खरपूस, करपट, जळकट, धुरकट. भाजण्याच्या एकेका पायरीला मराठीत वेगळा शब्द आहे, आणि स्टाउट पारखण्याचं निम्मं काम या पायऱ्या ओळखण्याचंच असतं.

रंग कुठल्या माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून, आला हे कळलं की जीभ लवकर तयार होते. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर यांनी इंग्लंडमध्ये माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. धान्य न पेटता पार काळं होईपर्यंत भाजता येऊ लागलं आणि थोड्याशा ब्लॅक माल्टनं अख्खी बीअर काळी करणं शक्य झालं. या माल्टची चव जळकट, जास्त पडलं तर राखेसारखी. चॉकलेट माल्ट त्याच्या अलीकडे थांबतं. त्यात चॉकलेटचा कणही नसतो, नाव रंगावरून पडलंय. आयरिश धाटणीच्या स्टाउटमध्ये मोड न आणता नुसतीच भाजलेली बार्ली असते, आणि तिची कोरडी, कॉफीसारखी धार तिथूनच येते.

हे वाचून पाठ होईल, पण जिभेला कळणार नाही. म्हणून नव्यांना मी सर्वांत आधी धान्याचा अर्क करून चाखायला सांगते. ५० ग्रॅम दळलेलं माल्ट ४०० मिलीलिटर पाण्यात ६५ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं भिजवायचं आणि गाळून घ्यायचं. काळी माल्ट एकटी घेतली तर चव सोसवत नाही, म्हणून ती फिक्या माल्टमध्ये थोडीच मिसळायची. एक अर्क चॉकलेट माल्टचा, एक ब्लॅकचा, एक भाजलेल्या बार्लीचा. शेजारी शेजारी ठेवून चाखलं की जो फरक मला वहीत महिनोन्‌महिने पकडता आला नव्हता, तो एका दुपारी कळतो.

यानंतर येतो 'कडू' हा शब्द. नवशिक्यांच्या नोंदींत मला सगळ्यात जास्त गोंधळ इथंच दिसतो. हॉप्सचा, म्हणजे बीअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडूपणा स्वच्छ असतो आणि घोट गेल्यावरही जिभेवर रेंगाळतो. भाजलेल्या धान्याच्या कडवटपणाबरोबर वासही येतो. नाक दाबून घोट घेतला तर त्याचा बराचसा भाग गायब होतो. आणि तुरटपणा तर चवच नव्हे, तो स्पर्श आहे. गालांच्या आतून ओढ बसते, जीभ खरखरीत होते. मी कितीतरी वेळा 'फार कडू' लिहिलेल्या स्टाउट प्रत्यक्षात तुरट होत्या. ब्रूअरच्या दृष्टीनं या दोन तक्रारींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. आंबटाचंही तसंच. काळं धान्य मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या दळलेल्या धान्याचा, पीएच खाली आणतं, त्यामुळे कोरड्या स्टाउटमध्ये हलकी आंबूस झाक असणं स्वाभाविक आहे. ती भाजलेल्या चवीत मिसळून येते. जंतुसंसर्गाची आंबट चव वेगळी उभी राहते आणि बरेचदा व्हिनेगरसारखी आधी नाकाला झोंबते.

तापमानाचा धडा मला एका इम्पीरियल, म्हणजे जास्त अल्कोहोलच्या, स्टाउटनं दिला. फ्रिजमधून काढल्या काढल्या चाखून मी तिला भरघोस गुण दिले: मऊ, गोडसर, सुंदर. वीस मिनिटांनी उरलेला घोट घेतला तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आणि घशात जाळ. थंडीनं सगळं झाकलं होतं. आता अशा तीव्र स्टाउटला मी १२ अंशांच्या आसपास येऊ देते, हलकीला थोडं कमी चालतं, आणि शेरा लिहिण्याआधी ग्लास निदान दोनदा वेगवेगळ्या तापमानाला हुंगते. ५०-६० मिलीलिटर पुरे. हलक्यापासून जडाकडे जायचं, मध्ये साधं पाणी.

नायट्रोजनवर ओतलेली स्टाउट आणि साधी स्टाउट एकामागोमाग ठेवून गुण देऊ नका. नायट्रोजनचे बारीक बुडबुडे साय आल्यासारखा मऊपणा देतात, पण कार्बन डायऑक्साइडची चुणचुण कमी होते आणि वासही दबतो.

गुणांचं म्हणाल तर बीजेसीपीची (बीअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची) ५० गुणांची पत्रिका शिकण्यासाठी उत्तम आहे: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण ठसा १०. रूपाला फक्त तीन! तरी नवीन माणूस ग्लास दिव्यापुढे धरून कडेची तांबूस झाक शोधण्यात बराच वेळ घालवतो. तो वेळ वासाला द्या, कारण वास उडून जातो. आणि मोजायचं ते त्या शैलीच्या मापानं. मिल्क स्टाउटमध्ये लॅक्टोज असतं, बीअरचं यीस्ट ते खात नाही, म्हणून ती गोड राहणारच. त्याबद्दल गुण कापणं अन्याय आहे.

दोषांत लोण्याचा वास, म्हणजे डायअसिटिल, लवकर ओळखता येतो. सोया सॉससारखी चव आली तर मेलेल्या यीस्टचा संशय घ्या. ऑक्सिजननं येणारा जुनेपणा मात्र मला अजूनही विचारात पाडतो. हलक्या स्टाउटमध्ये तो ओल्या पुठ्ठ्यासारखा लागतो आणि सरळ दोष ठरतो. मुरवलेल्या इम्पीरियलमध्ये तोच मनुका आणि शेरी वाइनच्या वासानं येतो, आणि तिथं तो मला मनापासून आवडतो. सीमा कुठं आखायची यावर पॅनलवर आमचे वाद होतात, व्हायलाच हवेत.

स्वतःवर विश्वास बसला की तीन ग्लासांची चाचणी करा: दोनांत एकच बीअर, तिसऱ्यात दुसरी, ओतणारा वेगळा. निव्वळ अंदाजानंही तीनातून एकदा उत्तर बरोबर येतं, म्हणून एका यशावर थांबू नका.

बीजेसीपीच्या चाखण्याच्या परीक्षेत ९० मिनिटांत सहा बीअर असतात. तिथं अचूक गुण देण्याइतकंच वजन ब्रूअरला दिलेल्या सल्ल्याला आहे, आणि तयारीत माझा सगळ्यात कच्चा भाग तोच होता. 'भाजणं जास्त झालं' एवढं लिहून मी थांबायचे. आता लिहिते: "वास खरपूस आणि छान, पण घोटाच्या शेवटी करपट, तुरट ओढ राहते. ब्लॅक माल्ट थोडं कमी करा, किंवा काळं धान्य मॅशच्या शेवटच्या काही मिनिटांत घालून पाहा."